अजिंठ्याच्या भिंतीवरचा काळ आणि मेजर गिल

जालना जिल्ह्यात असई नावाचे एक लहानसे गाव आहे. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात वसलेल्या या गावाजवळ २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी आर्थर वेलस्लीच्या सैन्याची घनघोर लढाई झाली. वेलस्लीची सरशी झाली. पण त्याची माणसेही फार मोठ्या संख्येने पडली. जखमी सैनिकांना उत्तरेकडील अजिंठा या तटबंदीच्या गावी हलवण्यात आले. या लढाईनंतर निजामाच्या मुलखातील या भागात इंग्रजी फौजेचा राबता वाढला आणि जालना हे लष्करी छावणीचे ठाणे म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढे १८१९ मध्ये मद्रास लष्करातील काही अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या खोऱ्यात उतरले आणि झाडाझुडपांत दडलेली लेणी त्यांच्या दृष्टीस पडली. त्यांच्यातील जॉन स्मिथ याने दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरून ठेवली. तेव्हा लेण्यात इतका राडारोडा साचलेला होता, की त्यावर उभे राहून कोरलेले ते नाव आज माणसाच्या डोक्याच्याही वर दिसते.

परिसरातील गुराख्यांना आणि भिल्लांना ही लेणी अर्थातच ठाऊक होती. अपरिचित होती ती बाहेरच्या जगाला. या जगाला अजिंठ्याचे रंग दाखवण्याच्या कामी ज्या माणसाने उभी हयात खर्ची घातली, तो माणूस म्हणजे मेजर रॉबर्ट गिल. महाराष्ट्रात गिल यांचे नाव घेतले, की पारोचे नाव पाठोपाठ येते. त्या दोघांच्या प्रेमकथेने कवींना आणि चित्रपटकारांना भुरळ घातली. मात्र गिल यांच्या आयुष्याला आणखी एक विलक्षण बाजू आहे आणि तिची चर्चा क्वचितच होते. ज्या चित्रांसमोर त्यांनी आयुष्याची पस्तीस वर्षे काढली, त्यांतील बहुतेक चित्रे कोणती कथा सांगतात, हे त्यांना समजण्याचा मार्गच त्या काळी उपलब्ध नव्हता.

रॉबर्ट गिल यांचा जन्म २६ सप्टेंबर १८०४ रोजी झाला. ऐन तारुण्यात ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास लष्करात दाखल झाले. ४४ व्या मद्रास नेटिव्ह इन्फंट्री या पलटणीतील हा अधिकारी चित्रकलेतही निपुण होता. १८४१ मध्ये फ्रान्सिस रिकरबी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एरवी त्यांचे आयुष्य त्या काळच्या शेकडो अधिकाऱ्यांसारखे पलटणीच्या बदल्या, बढत्या आणि अखेर निवृत्तिवेतन या चाकोरीतून गेले असते. परंतु दूर लंडनमध्ये त्यांच्या नशिबाची दिशा ठरत होती.

स्थापत्याचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी १८३९ मध्ये अजिंठ्याला भेट दिली होती. १८४३ मध्ये त्यांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे भारतातील लेण्यांविषयी निबंध वाचला. त्यात त्यांनी अजिंठ्याची चित्रे झपाट्याने नष्ट होत असल्याकडे लक्ष वेधले. दमट हवा, वटवाघळे, साधूबैराग्यांच्या धुनींचा धूर यांचा मारा होत होताच. शिवाय हौशी प्रवासी भिंतीवरील चेहरे खरवडून नेण्याचा प्रयत्न करीत. गिलावा निघाला, की रंगाचा भुगा हाती येई आणि चेहरा कायमचा जाई. सोसायटीने कंपनीच्या संचालकांकडे अर्ज केला. चित्रे वाचवता येत नसतील, तर निदान त्यांच्या अचूक प्रतिकृती करून घ्याव्यात, असा त्याचा आशय होता. १८४४ मध्ये हे काम कॅप्टन गिल यांच्यावर सोपवण्यात आले.

वयाच्या चाळिशीत गिल अजिंठ्याला आले. लेण्यांपासून सुमारे दहा-अकरा किलोमीटरवर असलेल्या अजिंठा गावातील बारादरीत त्यांनी मुक्काम ठेवला. तेथून घाट उतरून लेण्यांपर्यंत जायचे, अंधाऱ्या विहारांत मिळेल तेवढ्या उजेडात काम करायचे आणि परतायचे, असा क्रम सुरू झाला. खोऱ्यात वाघांचा वावर होता, कड्यावर आग्या मोहोळे होती आणि पावसाळ्यात तापाची साथ हटकून येई. मोठे कॅनव्हास व रंग समुद्रमार्गे यायचे आणि तयार चित्रे पुन्हा समुद्रमार्गे लंडनला जायची. काम वर्षा-दोन वर्षांत संपेल, अशी सुरुवातीची कल्पना असेल, तर ती लवकरच मावळली. जवळपास वीस वर्षे गिल तैलरंगात या भिंतींच्या भव्य प्रतिकृती करीत राहिले.

येथे अजिंठ्याच्या चित्रांचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. पद्मपाणी आणि वज्रपाणी यांच्या लोकप्रिय छायाचित्रांमुळे अजिंठा म्हणजे सुंदर व्यक्तिचित्रांचे दालन, असा समज होतो. वास्तविक या भिंती म्हणजे कथांचे विस्तीर्ण प्रदेश आहेत. बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या जातककथा, अवदाने आणि बुद्धचरित्रातील प्रसंग त्यांवर रंगवलेले आहेत. कथा म्हटली, की काळ आला. आधी काय घडले, मग काय घडले, त्याचा परिणाम काय झाला, हे सांगितल्याशिवाय कथा पुरी होत नाही. बोलणाऱ्याला काळ आपोआपच मिळतो, कारण शब्दामागून शब्द येतो. चित्र मात्र एका दृष्टिक्षेपात सगळेच दाखवून टाकते. मग स्थिर भिंतीवर काळ कसा सरकवायचा?

यावर अजिंठ्याच्या चित्रकारांनी काढलेला तोडगा फार बुद्धिमान आहे. एकच व्यक्ती ते एकाच भिंतीवर अनेकदा रंगवतात. पहिल्या लेण्यातील महाजनक जातकात राजा एके ठिकाणी राणी सीवलीजवळ बसला आहे आणि समोर नर्तकी नाचते आहे. दुसरीकडे नगरद्वारातून त्याची स्वारी बाहेर पडते आहे. आणखी एके ठिकाणी तो मुनीसमोर हात जोडून उपदेश ऐकतो आहे. प्रसंगांच्या मध्ये चौकट नाही. एखादा खांब, दरवाजा, खडकांची रांग, केळीचे झाड किंवा नुसती पाठ फिरवून उभी राहिलेली आकृती एक प्रसंग संपल्याची आणि दुसरा सुरू झाल्याची खूण देते. नायक पुन्हा दिसला, की मध्ये काळ लोटला असे पाहणाऱ्याने समजायचे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे प्रसंग नेहमी डावीकडून उजवीकडे क्रमाने मांडलेले नसतात. बऱ्याच चित्रांत त्यांची मांडणी घटनेच्या क्रमापेक्षा घटनेच्या स्थळावर अवलंबून असते. राजवाड्यात घडलेले सगळे प्रसंग एका भागात आणि रानात घडलेले दुसऱ्या भागात, मग त्यांच्यात कितीही वर्षांचे अंतर असो. दहाव्या लेण्यातील षड्दंत हत्तीच्या कथेत रान आणि राजवाडा अशा दोन जगांत चित्र विभागलेले आहे. सतराव्या लेण्यातील विश्वंतराच्या कथेत दानशूर राजपुत्र राज्याचा हत्ती देऊन टाकतो, हद्दपार होतो, रथ आणि घोडेही देतो, वनात मुलांचेही दान करतो आणि शेवटी सर्वांची पुन्हा भेट होते. नगराकडून वनाकडे आणि वनातून पुन्हा नगराकडे जाणारी ही कथा वाचायची, तर पाहणाऱ्याला भिंतीसमोर पुढे-मागे चालावे लागते. चित्रातील काळ पाहणाऱ्याच्या पावलांनी पुढे सरकतो. त्याच लेण्याच्या ओसरीत भवचक्राचे भग्न चित्र आहे. जन्म, जरा आणि मृत्यू यांच्या फेऱ्याचे हे चाक म्हणजे जणू काळाचाच नकाशा आहे. जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलॉफ आणि भारतीय कलेच्या इतिहासकार विद्या दहेजिया यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या रचनांचा बारकाईने अभ्यास करून त्यांचे मर्म उलगडले.

भारतीयांना ही पद्धत नवी नव्हती. सांची येथील शिल्पपट्टांवरही एकच कथानायक पुन्हा पुन्हा कोरलेला दिसतो. या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत भोगवर्धन या गावाचे नाव येते. हे भोगवर्धन म्हणजेच जालना जिल्ह्यातील आजचे भोकरदन, असे अभ्यासक मानतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेल्या या व्यापारी गावचे भाविक दोन हजार वर्षांपूर्वी अशा चित्रकथांना आश्रय देत होते.

गिल यांची दृष्टी मात्र वेगळ्या परंपरेत घडली होती. रोमचा ट्रेजनचा स्तंभ किंवा फ्लॉरेन्समधील मसाचिओचे भित्तिचित्र यांत एकाच व्यक्तीचे अनेक प्रसंग एकत्र आले आहेत. पण पुढील काळात युरोपीय चित्रकलेने एक चौकट, एक क्षण हा नियम स्वीकारला. जर्मन विचारवंत लेसिंग याने १७६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लाओकून या ग्रंथात काव्याचे क्षेत्र काळ आणि चित्राचे क्षेत्र अवकाश अशी विभागणी केली. चित्रकाराने कथेतील सर्वांत अर्थगर्भ असा एकच क्षण निवडावा, असे त्याचे प्रतिपादन होते. या संस्कारात वाढलेल्या गिल यांच्यासमोर अनेक क्षण एकमेकांत मिसळलेली, कोठेही न थांबणारी भिंत उभी होती. कॅनव्हासला मात्र चार कडा होत्या. भिंतीचा कोणता तुकडा उचलायचा, कोठे सुरुवात करायची आणि कोठे थांबायचे, हा प्रश्न प्रत्येक प्रतिकृतीच्या वेळी येत असणार.

त्यात कथा सांगणारे कोणी उरले नव्हते. पैठण परिसरात मिळालेली चित्रकथीची चित्रे किंवा सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या पोथ्या यांबाबत एक गोष्ट ध्यानात येते. एकामागून एक चित्र उलगडत कथेकरी बोलतो, म्हणून ती चित्रे जिवंत होतात. अजिंठ्यातही कधी काळी भिक्षूंनी दिवा धरून यात्रेकरूंना कथा सांगितल्या असतील. पाचव्या शतकात वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात वैभवाच्या शिखरावर असलेली ही लेणी पुढे ओस पडली आणि हा आवाज थांबला. गिल तेथे पोहोचले, तेव्हा पाली जातकांचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर झालेले नव्हते. ते १८९५ पासून प्रसिद्ध होऊ लागले. रशियन पंडित ओल्डेनबर्ग यांनी अजिंठ्यातील काही जातके ओळखली तीही १८९५ मध्येच. दुसऱ्या लेण्यातील चित्रांसोबतचे श्लोक आर्यशूराच्या जातकमालेतील आहेत, हे ल्यूडर्स यांनी १९०२ मध्ये दाखवून दिले. तोवर गिल यांना जाऊन वीसहून अधिक वर्षे लोटली होती.

कथा हरवली, की चित्रातील काळ कसा गोठतो, याचे बोलके उदाहरण सोळाव्या लेण्यात आहे. तेथे मान टाकलेली एक स्त्री आणि तिच्याभोवती व्याकूळ झालेल्या सख्या दिसतात. एकोणिसाव्या शतकातील पाहणाऱ्यांनी हे मरणासन्न राजकन्येचे चित्र ठरवले आणि त्यातील करुण रसाची वाखाणणी केली. पुढे कळले, की ही बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याच्या कथेतील घटना आहे. नंदाने भिक्षुव्रत घेतल्याची वार्ता कळून त्याची पत्नी सुंदरी मूर्च्छित होते, तो हा प्रसंग. शेजारचे प्रसंग वाचता न आल्यामुळे विरहाची घटना मरणाची ठरली होती. फर्ग्युसन यांच्यासारख्या जाणकारानेही पहिल्या लेण्यातील एका दरबारी दृश्यात इराणचा बादशहा दुसरा खुस्रो याचा वकील पाहिला. नंतरच्या अनेक अभ्यासकांनी ते मत बाजूला ठेवून त्या चित्राचा अर्थ बौद्ध कथेच्या आधारे लावला.

अशा स्थितीत गिल यांनी केलेली गोष्ट मोलाची ठरते. अर्थ कळत नसताना त्यांनी जे दिसले ते उतरवून घेतले. केवळ देखणे चेहरे निवडून ते थांबले नाहीत. मोठमोठ्या कॅनव्हासवर गर्दीने भरलेल्या सलग दृश्यांच्या प्रतिकृती त्यांनी केल्या. लिपी न जाणणाऱ्या एखाद्या लेखनिकाने पोथीतील अक्षर न् अक्षर नक्कल करून पुढच्या वाचकासाठी जपावे, तसे हे काम होते.

या वर्षांत त्यांच्या संसाराची घडी मात्र विस्कटली. पत्नी आणि मुले इंग्लंडला गेली; गिल अजिंठ्यालाच राहिले. पारो या स्थानिक तरुणीशी त्यांचे नाते जुळले ते या काळात. तिच्याविषयी खात्रीने सांगता येण्याजोगे फार थोडे आहे. अजिंठा गावात तिची कबर आहे आणि तिच्यावरील लेखात २३ मे १८५६ ही मृत्यूची तारीख व गिल यांचे नाव आहे. बाकीची कहाणी लोकांच्या तोंडी वाढली. ना. धों. महानोर यांनी तिच्यावर अजिंठा हे दीर्घकाव्य लिहिले आणि नितीन चंद्रकांत देसाई यांनी २०१२ मध्ये याच नावाचा चित्रपट काढला. चित्रांच्या कथा हरवलेल्या आणि चित्रकाराची मात्र कथाच उरलेली, असा हा विपर्यास आहे.

लंडनला पोहोचलेल्या गिल यांच्या प्रतिकृतींपैकी सुमारे पंचवीस सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शित करण्यात आल्या. ३० डिसेंबर १८६६ रोजी या काचमहालाच्या उत्तरेकडील भागाला भीषण आग लागली आणि दोन दशकांचे परिश्रम काही तासांत भस्मसात झाले. अन्यत्र असलेली मोजकी चित्रे बचावली. ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. जळून गेलेल्यांपैकी काहींची कल्पना येते ती श्रीमती स्पियर यांच्या प्राचीन भारतावरील १८५६ च्या पुस्तकात छापलेल्या लहानशा रेखाटनांवरून. अजिंठ्यात बसलेल्या साठी ओलांडलेल्या चित्रकाराला ही वार्ता कळली, तेव्हा काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी लागते.

तोवर गिल यांनी कॅमेराही हाती घेतला होता. अजिंठा, वेरूळ, लोणार आणि वऱ्हाडातील हेमाडपंती मंदिरे यांची छायाचित्रे त्यांनी काढली. १८६४ मध्ये फर्ग्युसन यांच्या मजकुरासह त्यांच्या छायाचित्रांची दोन पुस्तके लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील स्टीरिओ छायाचित्रे विशिष्ट भिंगांतून पाहिली, की दृश्याला खोली येई. मात्र कॅमेऱ्याने हाती येई तो एकच क्षण. रंगही नाही आणि मागचा-पुढचा काळही नाही. लेण्यांच्या वास्तूसाठी ही नवी विद्या उपयुक्त होती. काळोख्या भिंतीवरील रंगीत कथांपुढे ती त्या काळी दुबळी होती. म्हणूनच १८७२ पासून मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांच्या साह्याने पुन्हा हाताने प्रतिकृती करण्याचे काम आरंभले. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे विद्यार्थी त्यात होते. दैवदुर्विलास असा, की ते काम लंडनला गेल्यावर १८८५ मध्ये त्यातील मोठा भाग आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. पुढे जपानी चित्रकारांनी केलेल्या प्रतिकृती १९२३ च्या टोकियोतील भूकंपानंतरच्या आगीत नष्ट झाल्या.

आगीनंतरही गिल यांनी अजिंठा सोडला नाही. १० एप्रिल १८७९ रोजी त्यांचे निधन झाले आणि भुसावळ येथे त्यांचे दफन करण्यात आले. पारोची कबर घाटमाथ्यावर अजिंठ्यात आणि गिल यांची खाली खानदेशात. मधल्या वाटेवर लेणी.

गिल यांच्या कार्याचे मोजमाप केवळ उरलेल्या चित्रांच्या संख्येवर करता येणार नाही. त्यांच्यानंतर सुमारे दीडशे वर्षांत भिंतीवरील रंग आणखी झडले. प्रतिकृती करणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून वापरलेली वॉर्निशे पुढे काळवंडली आणि ती काढण्यासाठी पुरातत्त्व खात्याला दीर्घकाळ झटावे लागले. वाचलेल्या जुन्या प्रतिकृती म्हणूनच पुरावा ठरतात. आज रिकाम्या दिसणाऱ्या जागी कोणाचा हात होता, कोणती आकृती कोणाकडे पाहत होती, हे त्यांवरून ताडता येते. आणि कथा ओळखण्यासाठी नेमके असेच तपशील लागतात. एखाद्या आकृतीचा हात पुसला गेला, तर केवळ रंगाचा तुकडा जात नाही. कथेतील एक घटका जाते आणि तिच्या आधीचा व नंतरचा प्रसंग यांचा सांधा निखळतो.

लेण्यांत आज विजेचे मंद दिवे आहेत, गर्दी आहे आणि ठरावीक वेळेत बाहेर पडण्याची घाई आहे. पद्मपाणीसमोर थांबून पाहणारे पुष्कळ असतात. त्याच विहारातील महाजनकाच्या भिंतीसमोर मात्र लोक थांबतात, गोंधळतात आणि पुढे सरकतात. आता कथा उपलब्ध आहेत, मराठीत जातकेही वाचायला मिळतात. राजवाड्यापासून वनापर्यंत, राणीपासून मुनीपर्यंत भिंतीबरोबर चार पावले चालले, तर थांबलेला काळ पुन्हा वाहू लागतो. गिल यांना ती सोय नव्हती. त्यांनी केवळ पाहिले आणि पुढच्यांसाठी जितके जमले तितके उतरवून ठेवले.